रँडी ऱ्होड्ससाठी ठाण्यात एक संध्याकाळ ठेवायची असेल तर

मार्च आला की ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, यंदा गिटारिस्ट रँडी ऱ्होड्ससाठी काहीतरी करूया का, मग सगळे फोटो टाकतात, स्टेटस ठेवतात आणि तिथेच विषय संपतो. ज्यांना खरंच काही करायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. आपण ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ असे पांगलेलो असलो तरी दहा-पंधरा जण सहज जमतात आणि वर्गणी काढली तर कोणाच्याच खिशाला जड जात नाही.

नवीन पोरांसाठी आधी थोडक्यात सांगतो. रँडी ऱ्होड्सचा जन्म ६ डिसेंबर १९५६ चा, कॅलिफोर्नियातला. आई डलोरेस, तिची नॉर्थ हॉलीवूडमध्ये म्युझोनिया नावाची संगीतशाळा होती, तिथेच तो शिकला आणि पुढे तिथेच शिकवायला पण लागला. आधी क्वाएट रायट या बँडमध्ये, त्यांचे पहिले दोन अल्बम तेव्हा फक्त जपानमध्ये निघाले, मग १९७९ मध्ये रॉक गायक ऑझी ऑस्बॉर्नने त्याला आपल्या बँडमध्ये घेतलं आणि त्याच्यासोबत दोन अल्बम, १९८० चा ब्लिझर्ड ऑफ ऑझ आणि १९८१ चा डायरी ऑफ अ मॅडमन, बस एवढंच काम. १९ मार्च १९८२ ला गेला तेव्हा २५ वर्षांचा होता. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने २०२१ मध्ये त्याचा सन्मान केला आणि २२ जुलै २०२५ ला ऑझी पण गेला, त्यामुळे आता या दोघांची आठवण काढणं आपल्याच हातात आहे असं मला मनापासून वाटतं.

माझं म्हणणं एकच आहे, कार्यक्रम शोकसभेसारखा नको, क्लाससारखा ठेवा. कारण हा माणूस शेवटपर्यंत विद्यार्थी होता. टूरवर असताना ज्या गावात बस थांबेल तिथे क्लासिकल गिटार शिकवणारा शोधून त्याच्याकडे बसायचा, आणि शेवटी शेवटी तर रॉक बाजूला ठेवून क्लासिकल गिटारची डिग्री करायचा विचार चालला होता. अशा माणसाच्या फोटोला हार घालून भाषणं ऐकण्यापेक्षा त्याच्या नावाने चार जणांनी काहीतरी नवीन शिकावं. फोटो ठेवा की, फुलं पण ठेवा, आणि काळ्या कापडावर पांढरे ठिपके काढून मागे लावलं तर त्याची ती ठिपक्यांची, व्ही आकाराची पोल्का डॉट गिटार सगळ्यांना लगेच आठवेल.

तारखेचं बघा. वाढदिवस ६ डिसेंबरला असला तरी त्या दिवशी ठेवू नका, महापरिनिर्वाण दिन असतो, आपल्यातले कितीतरी जण चैत्यभूमीला जातात आणि जायलाच हवं. राहिला १९ मार्च. तेव्हा बोर्डाच्या परीक्षांचा सीझन असतो, पाडवा पण कधी कधी त्याच आठवड्यात येतो आणि मग निम्मं ठाणं शोभायात्रेच्या तयारीत. म्हणून जवळचा शनिवार किंवा रविवार धरा, संध्याकाळी ५ ला सुरू आणि ९ ला बंद. रात्री १० नंतर स्पीकर कायद्यानेच चालत नाही, पण परीक्षेची पोरं असलेल्या बिल्डिंगमध्ये ९ च्या आतच आवरलेलं बरं.

जागा म्हणाल तर घोडबंदर रोडच्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये क्लबहाऊस असतात, कोणी मेंबर असेल तर सेक्रेटरीला आठ-दहा दिवस आधी साधा अर्ज द्या, त्यात वेळ आणि माणसं किती ते स्पष्ट लिहा. नाहीतर तासावर मिळणारी जॅम रूम, म्हणजे बँडच्या सरावाची खोली घ्या, तिथे ड्रमसेट आणि अँप (गिटारचा आवाज वाढवणारे अँप्लिफायर) असतात आणि आवाजाचं टेन्शन नसतं. उपवन किंवा तलावपाळीवर बसायचं कोणीतरी सुचवतंच, छान वाटतं, पण तिथे फक्त अकूस्टिक, उगाच अँप नेऊ नका. तिकीट लावू नका, तिकीट लावलं की परवानग्या, लायसन्स सगळं मागे लागतं.

सामान फार लागत नाही. क्लबहाऊसला १५ वॅटचा प्रॅक्टिस अँप भरपूर झाला, सोबत एक डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे गिटारचा आवाज रॉकसारखा खरखरीत करणारा डबा. एक गोष्ट मात्र आधी जाऊन तपासा, प्लगला अर्थिंग आहे का. दोन पिनचं एक्स्टेन्शन लावलं की अँपमधून सतत घूंऽऽ असा आवाज येतो आणि तारांना हात लावला की कमी होतो, तसं झालं की समजायचं अर्थिंग नाहीये, आणि ते फक्त आवाजापुरतं नाही, शॉक पण बसू शकतो. तीन पिनचा चांगला स्पाइक बोर्ड घरून न्या आणि अर्थिंग असलेल्या पॉइंटलाच लावा.

सुरुवात ऐकण्यापासून करा. रँडी आपले सोलो (गाण्यात मध्येच एकट्या गिटारचे येणारे तुकडे) तीन-तीनदा वाजवून एकावर एक रेकॉर्ड करायचा, एक मध्ये, एक डावीकडे, एक उजवीकडे. स्पीकरवर ते एकच गिटार वाटतं, म्हणून दोन-तीन चांगले हेडफोन आणा आणि ब्लिझर्ड ऑफ ऑझमधल्या क्रेझी ट्रेन या गाण्याचा सोलो प्रत्येकाला आधी दोन्ही कानांनी, मग एकेक बाजू काढून ऐकू द्या. तीच बारीकसारीक वळणं, तेच बेंड (तार ओढून सूर चढवणं) तीनदा जवळजवळ जसेच्या तसे वाजवलेत, आणि ते पण टेपच्या जमान्यात! ज्याने हे एकदा नीट ऐकलं तो घरी जाऊन रियाज करणारच. कोणी या अल्बमच्या २००२ च्या आवृत्तीची सीडी आणली तर ती लावू नका, त्यात बॉब डेझलीचा बेस आणि ली कर्सलेकचे ड्रम काढून दुसऱ्यांकडून वाजवून घेतले होते, २०११ च्या आवृत्तीत मूळ वाजवणारे परत आले. रँडी ज्यांच्यासोबत वाजवत होता त्यांच्यासोबतच ऐकायचा.

मग क्लास. मोठ्या वाजवणाऱ्यांनी आधी गिटार हातात घेऊ नये, सगळ्यात नवीन पोराला किंवा पोरीला पुढे बसवा आणि क्रेझी ट्रेनचं रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारी गिटारची ओळ शिकवा. सहाव्या म्हणजे सगळ्यात जाड तारेचा दुसरा फ्रेट (गिटारच्या दांड्यावरच्या पट्ट्यांमधली जागा), एफ शार्प हा सूर, दोनदा. मग पाचव्या तारेचा चौथा फ्रेट, परत एफ शार्प, पाचव्याचा पाचवा, परत एफ शार्प, परत चौथा, परत एफ शार्प. पहिलं बोट दुसऱ्या फ्रेटला, तिसरं चौथ्याला, करंगळी पाचव्याला, आणि तळहाताची कड ब्रिजवर अलगद टेकवून ठेवायची म्हणजे आवाज दबका, घट्ट येतो. गाण्याचा वेग मिनिटाला १३८ ठोक्यांच्या आसपास आहे पण मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) ६० ला लावा आणि पिक खाली-वर, खाली-वर असाच जाऊ द्या, घाई अजिबात नको. एवढं अर्ध्या तासात बसतं. पुढची उतरणारी ओळ घरी करायला द्या.

ज्यांच्याकडे नायलॉनच्या तारांची गिटार आहे त्यांच्यातल्या एकाने रँडीचा 'डी' (Dee) हा तुकडा तयार करून यावा. रँडीने तो आईच्या नावाने केलाय, मिनिटभराचा पण नाही, तो वाजेल तेव्हा अँप बंद करून ठेवा. एवढंसं वाजवायला पण महिनाभर लागतो, तेव्हा फेब्रुवारीतच ठरवा कोण करणार ते.

अपघाताबद्दल कोणीतरी विचारणारच, दोन वाक्यांत सांगा. फ्लोरिडात लीझबर्गला टूर बस थांबली होती, बसच्या ड्रायव्हरने छोटं विमान काढलं, बसच्या अगदी वरून नेताना पंख बसला घासला आणि विमान शेजारच्या घरावर आदळलं. ड्रायव्हर गेला, रँडी गेला आणि बँडचा मेकअप बघणारी रेचल यंगब्लड पण गेली. तिचं नाव बहुतेक ठिकाणी राहून जातं, आपण दोन मिनिटं उभे राहू तेव्हा तिचंही नाव घ्या. चूक कोणाची यावर चर्चा चालू होऊ देऊ नका, ती सुरू झाली की वाजवायचं राहून जातं.

खाण्याचं शेवटी ठेवा. वडापाव ठाण्यात कुठूनही आणा, पण तेलकट हाताने तारांना लावलं की त्या लवकर काळ्या पडतात आणि आवाज मेल्यासारखा येतो, म्हणून खाऊन झाल्यावर गिटार बॅगेतच. नवी मुंबईवाल्यांना ट्रान्स हार्बरची गाडी मिळाली पाहिजे, त्यांच्यातल्या एकाने आधी टाइमटेबल बघून ठेवावं आणि तो सांगेल तेव्हा आवरायचं.

आणि निघायच्या आधी तिथल्या तिथे ठरवा, पुढच्या महिन्यात भेटायचं ते कोणाकडे आणि ब्लिझर्डमधल्याच मिस्टर क्राउली या गाण्याच्या पहिल्या सोलोचा कुठला भाग कोण बसवून आणणार, नावं लिहूनच घ्या.