मधुमेह आहे? मग डोळ्याचा पडदा कसा तपासून घ्यावा आणि कसा जपावा

आमच्या आत्याला साखरेचा आजार होऊन तेरा वर्षं झाली होती. एका सकाळी कांदा चिरताना उजवा डोळा चुरचुरला म्हणून तिने तो पदराने झाकून धरला आणि किती वाजले ते बघायला मान वर केली. घड्याळाच्या कडेचे बारा, तीन, सहा, नऊ सगळे जागच्या जागी होते. मधले काटे मात्र दिसेनात. काचेवर कुणी तेलकट बोट फिरवावं तसा तिथे डाग होता. डावा डोळा अधू झालाय हे तिला तेव्हा कळलं. तो कधीपासून तसा होता कुणास ठाऊक. उजवा डोळा सगळं निभावून नेत होता.

"अगं, मी डोळे तपासते की!" असं ती नेहमी म्हणायची. तपासायची म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढायची. इथेच चूक होते आणि ती घरोघरी होते. नंबर काढणं वेगळं आणि पडदा तपासणं वेगळं. मधुमेहात धोका असतो तो पडद्याला.

आत नेमकं काय होतं

डोळ्याच्या आतल्या मागच्या भिंतीवर पडदा असतो. बाहेरचं चित्र त्यावर उमटतं. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसाहून बारीक. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की त्यांच्या भिंती कमकुवत होत जातात, जागोजागी बारीक फुगे येतात आणि त्यांतून पाणी नि रक्त पाझरतं. हे पाणी पडद्याच्या मधोमध, म्हणजे मॅक्युलाच्या जागी साचलं की बरोबर समोरचं दिसणं बिघडतं: अक्षरं, चेहरे, घड्याळाचे काटे. आत्याचं हेच झालं होतं.

दुसरा प्रकार जास्त वाईट. काही वाहिन्या बुजतात आणि रक्त न पोचलेला पडदा नव्या वाहिन्या फुटाव्यात म्हणून इशारे पाठवू लागतो. नव्या वाहिन्या येतात, पण त्या अगदी कच्च्या. एखादी फुटली की डोळ्यात रक्त भरतं. त्यांच्यासोबत चिवट पापुद्रे वाढतात आणि ते आकसले की पडदा ओढून भिंतीपासून सुटा करतात.

या सगळ्याला डॉक्टर डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. बराच काळ यात काहीच दुखत नाही, डोळा लाल होत नाही, दिसायलाही छान दिसत असतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या पुढच्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर हा आजार सापडला.

पहिली पायरी: तारीख ठरवा

मोठेपणी होणारा, म्हणजे टाइप २ मधुमेह असेल तर निदान झालं त्याच महिन्यात पडदा तपासून घ्या. "आत्ताच तर साखर निघाली" म्हणून थांबू नका. साखर सापडण्याआधी कित्येक वर्षं ती अंगात असू शकते. त्यानंतर दर वर्षी एकदा. लहानपणी होणाऱ्या टाइप १ मधुमेहात निदानानंतर पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी आणि मग दर वर्षी. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईने दिवस राहण्याआधी किंवा राहिल्याबरोबर पडदा दाखवावा आणि पुढेही डॉक्टर सांगतील तसा दाखवत राहावा, कारण गरोदरपणात हा आजार वेगाने वाढू शकतो. फक्त गरोदरपणापुरती साखर वाढलेल्या बायकांना पडद्याचा हा धोका सहसा नसतो.

साखर आटोक्यात आहे म्हणूनही तपासणी टाळू नका. आजाराला जितकी वर्षं होतील तितका पडद्याचा धोका वाढतो.

दुसरी पायरी: तपासणीचा दिवस

वेळ घेतानाच विचारा, "बाहुली मोठी करून पडदा बघणार ना?" नुसती पाटीवरची अक्षरं वाचून घेतली, तर ती ही तपासणी नव्हे. काही ठिकाणी पडद्याचा फोटो काढतात. सुरुवातीच्या चाळणीसाठी तोही चालतो.

डोळ्यांत थेंब घालतात, क्षणभर झोंबतं, मग डोळे मिटून वीस-तीस मिनिटं बसायचं. बाहुली मोठी झाली की डॉक्टर प्रखर उजेड टाकून पडदा बघतात. पुढचे चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं आणि बाहेरचं ऊन सोसत नाही. म्हणून स्कूटर घरी ठेवा, सोबत कुणाला तरी न्या आणि पिशवीत काळा गॉगल टाका. भर दुपारी एसटी स्टँडवर गाडीची पाटी वाचता न येणारे, डोळ्यांवर हात धरून उभे असलेले आजोबा मी पाहिलेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला या कामाला एकटं धाडू नका.

सोबत साखरेचे आणि रक्तदाबाचे कागद, गोळ्यांची यादी आणि जुना चष्मा घ्या. गोळ्यांत पायोग्लिटाझोन असेल तर मुद्दाम सांगा, कारण तिने मॅक्युलाची सूज वाढू शकते. मात्र कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिनसुद्धा नाही.

निघताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: रेटिनोपॅथी आहे का आणि कुठल्या टप्प्यावर, मॅक्युलाला सूज आहे का, पुन्हा कधी यायचं. हा कागद साखरेच्या डॉक्टरांनाही दाखवा. डोळ्याचे डॉक्टर एकीकडे आणि साखरेचे दुसरीकडे, अशी बहुतेकांची गत असते. दोघांमधला दुवा आपल्यालाच व्हावं लागतं.

तिसरी पायरी: साखर, रक्तदाब, लघवी

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही चाचणी बहुतेकांनी ७ टक्क्यांच्या आसपास ठेवावी असं सांगतात. वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर हा आकडा बदलतात. तुमचा आकडा कुठला, ते विचारून घ्या. १९९३ साली जाहीर झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात टाइप १ च्या ज्या रुग्णांनी साखर काटेकोर सांभाळली, त्यांच्यात रेटिनोपॅथी सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला.

रक्तदाबाकडे मात्र आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. १९९८ साली ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसलं की टाइप २ च्या रुग्णांचा रक्तदाब नीट आवळून धरला तर पडद्याचा आजार वाढण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटतं. "डोकं दुखत नाही, म्हणजे बीपी नाही" हे डोक्यातून काढून टाका. जेवणातलं लोणचं, पापड, ताटात वरून घेतलेलं मीठ आधी कमी करा. तंबाखू, मिश्री, विडी सोडा. वर्षातून एकदा लघवीतलं प्रथिन तपासा, कारण मूत्रपिंड आणि पडदा यांच्या बारीक वाहिन्या बऱ्याचदा बरोबरच बिघडतात.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. साखर वर्षानुवर्षं खूप जास्त असेल आणि नव्या औषधाने किंवा इन्सुलिनने ती झपाट्याने खाली आली, तर पडद्याचा आजार काही काळ बळावू शकतो. म्हणून साखर चढलेली ठेवायची असं अजिबात नाही. असे मोठे बदल सुरू करण्याआधी पडदा दाखवायचा, एवढंच.

आणि नवा चष्मा साखर स्थिर झाल्यावर, काही आठवड्यांनी करा. साखर वरखाली होत असताना डोळ्यातलं भिंग फुगतं, नंबर बदलतो आणि केलेला चष्मा महिन्याभरात निकामी ठरतो.

चौथी पायरी: घरी आठवड्यातून एकदा एक मिनिट

वाचायचा चष्मा लावा. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर नेहमीच्या वाचायच्या अंतरावर उभं राहा. एक डोळा तळव्याने झाका, दाबू नका. महिन्याच्या मधल्या एका चौकोनावर नजर रोखा. आजूबाजूच्या रेषा सरळ दिसतात का? एखादा चौकोन पुसट किंवा गायब आहे का? आता दुसरा डोळा. आत्याला कांद्याने जे दाखवलं ते हेच. ही चाचणी वार्षिक तपासणीची जागा घेत नाही, पण दोन तपासण्यांच्या मधला बिघाड पकडते.

डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके किंवा कोळिष्टकं तरंगू लागली, काजवे चमकल्यासारखं झालं, बाजूने काळा पडदा सरकत आला किंवा एका डोळ्याचं दिसणं एकदम गेलं, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. डोळ्यात मध, गुलाबपाणी, कुठला रस घालत बसू नका. बाहेरून घातलेलं काहीच पडद्याची गळती थांबवत नाही.

उपचार सांगितले तर

"डोळ्यात इंजेक्शन" ऐकून आत्या दोन आठवडे घाबरून घरी बसली होती. प्रत्यक्षात डोळा थेंबांनी बधिर करतात आणि अगदी बारीक सुई डोळ्याच्या पांढऱ्या भागातून काही क्षणांत आत जाऊन येते. औषध पाझर आणि कच्च्या वाहिन्या रोखतं. रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट, बेव्हासिझुमॅब ही त्यांतली नावं. किमतीत मोठा फरक असतो, तेव्हा "स्वस्तातलं माझ्या डोळ्याला चालेल का" हे विचारायला लाजू नका. सुरुवातीला साधारण दर महिन्याला एक घ्यावं लागतं आणि एका इंजेक्शनने काम भागत नाही. लोक इथेच सोडतात. दोन घेतल्यावर बरं दिसू लागतं, पैसे वाचवावेसे वाटतात आणि सूज परत येते. नंतर पांढऱ्या भागावर लाल डाग दिसला तर तो काही दिवसांत जातो. पण दुखणं, लाली वाढली किंवा दिसणं कमी झालं तर जंतुसंसर्ग असू शकतो, लगेच परत जा.

लेझर बहुतेक वेळा आहे ती नजर राखण्यासाठी असतं, गेलेली परत आणण्यासाठी नव्हे. हे आधी माहीत असलं की "लेझर करूनही फरक नाही" अशी निराशा होत नाही. आत भरलेलं रक्त ओसरेना किंवा पडदा ओढला गेला, तर शस्त्रक्रिया करतात. कच्च्या वाहिन्या आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर शीर्षासन, जड हंडे, सिलिंडर उचलणं त्यांना विचारल्याशिवाय करू नका. मधुमेहात मोतीबिंदूही लवकर होतो. त्याचं ऑपरेशन ठरलं तर आधी पडदा बघून घ्या, कारण मॅक्युलाची सूज ऑपरेशननंतर वाढू शकते.

खर्चाची चिंता असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागापासून सुरुवात करा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसलेले असतात; डॉक्टरांनी लिहून दिलेला उपचार योजनेत बसतो का, हे त्यांच्याकडून कळेल. निघण्याआधी फोन करून पडदा तपासणारे डॉक्टर कुठल्या वारी असतात ते विचारा, म्हणजे हेलपाटा वाचेल.