चौकाच्या सिग्नलची वेळ बसवताना: आधी सॅच्युरेशन फ्लो नीट मोजा

अडॅप्टिव्ह (गर्दीनुसार वेळ बदलणारे) सिग्नल, कॅमेरे, एआय हे सगळं नंतर. हिरवा दिवा लागल्यावर खोळंबलेल्या रांगेतून तासाला किती वाहनं सुटू शकतात, म्हणजेच सॅच्युरेशन फ्लो, हा आकडा चुकला की पुढचं सगळं गणित कोसळतं. प्रोजेक्ट करणारी मुलं नेमकी इथेच घाई करतात.

सिग्नलच्या वेळांचा अभ्यास करणाऱ्या वेबस्टर यांच्या 1958 च्या कामातून आलेलं सॅच्युरेशन फ्लोचं सूत्र आहे: चौकाकडे येणाऱ्या रस्त्याची रुंदी मीटरमध्ये गुणिले 525. ते ब्रिटनमधल्या वाहतुकीवर बेतलेलं. आपल्याकडे पडताळा घेण्यापुरतं वापरा, आकडा मात्र चौकातच मोजा.

कॅमेरा गच्चीवर लावा, थांबरेषा आणि रांगेचं शेपूट दोन्ही दिसतील असा. खालून घेतलं तर बसच्या आड दुचाक्या लपतात. हिरवा लागल्यापासून दर 5 सेकंदांना थांबरेषा ओलांडणारी वाहनं मोजून पीसीयूत बदला, म्हणजे प्रत्येक वाहन किती मोटारींबरोबरीचं ते धरा. इंडो-एचसीएम या भारतीय रस्ता-क्षमता पुस्तिकेप्रमाणे सिग्नलवर दुचाकी 0.4, रिक्षा 0.5, मोटार 1, बस 1.6.

शिस्तीच्या लेनमध्ये पहिले 5 सेकंद मंद जातात. आपल्याकडे बहुधा उलटं घडतं: फटीफटीतून पुढे आलेल्या दुचाक्या झेब्रावरच उभ्या असतात आणि काउंटडाउन 3 वर आला की सुटतात. म्हणून पहिला 5 सेकंदांचा तुकडा वगळा आणि रांग संपल्यानंतरचेही. पुढचा चौक तुंबल्यामुळे अडकलेल्या सिग्नलच्या फेऱ्या तर पूर्णच टाकून द्या. चांगल्या 15-20 फेऱ्या हाती लागेपर्यंत मोजत राहा. मधल्या तुकड्यांची सरासरी 5.5 पीसीयू आली, तर तासात असे 720 तुकडे, म्हणून 5.5 × 720 = 3960 पीसीयू प्रतितास.

आता मागणी. गर्दीच्या वेळी थांबरेषेवर मोजलं तर फक्त सुटलेली वाहनं कळतात, मागे अडकलेली नाहीत. त्यामुळे रांगेच्या शेपटाशी मोजा. मागणी तासाला 990 पीसीयू असेल तर 990 ÷ 3960 = 0.25. चारही बाजूंचे असे आकडे 0.25, 0.20, 0.15, 0.12 धरले तर बेरीज 0.72.

दर फेजला (एका बाजूच्या हिरव्याची पाळी) 4 सेकंद वाया, म्हणजे चार फेजना 16. सायकलसाठी, म्हणजे सगळ्या फेजच्या एका पूर्ण फेरीसाठी, वेबस्टरचं सूत्र: (1.5 × 16 + 5) ÷ (1 − 0.72) = 103.6, म्हणजे 105 सेकंदांचं सायकल. उरलेले 89 सेकंद त्याच प्रमाणात वाटले की 31, 25, 18, 15. पिवळा 3 आणि ऑल-रेड (सगळीकडे लाल) 2 असल्यास एकूण 5 होतात, वाया मात्र 4 धरलेत; म्हणून दिव्यावरचा प्रत्यक्ष हिरवा प्रत्येकी एकाने कमी: 30, 24, 17, 14.

हेच सॅच्युरेशन फ्लो सगळीकडे 20 टक्क्यांनी कमी मोजलं असतं, तर बेरीज 0.90 झाली असती आणि सायकल 290 सेकंदांचं! इतका वेळ कोण थांबतो? लोक सिग्नल तोडतात. बेरीज खरोखरच 0.90 च्या आसपास असेल तर सायकल ताणू नका. फेज कमी करा किंवा उजवं वळण दुसरीकडून न्या.

पादचाऱ्यांची वेळ वेगळी तपासा. दुभाजकापर्यंत 7.5 मीटर असेल, तर 1.2 मीटर प्रतिसेकंद वेगाने साधारण 6 सेकंद, शिवाय पाऊल उचलून निघण्यासाठी सुरुवातीचे 7, एकूण 13. सर्वांत लहान हिरव्याच्या चौदा सेकंदांत जेमतेम बसतं. दुभाजकावर उभं राहायला जागा नसेल तर 15 मीटर एका दमात, म्हणजे साडेएकोणीस सेकंद. ते यात बसणार नाही. आणि वळणारी वाहनं त्याच वेळी झेब्रावर येत असतील, तर पादचाऱ्यांना स्वतंत्र फेजच द्यावी लागते.

डिटेक्टर निवडताना रस्त्यात पुरलेल्या लूपच्या (वाहन ओळखणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांच्या) मोहात पडू नका: दोन लेनच्या मधून जाणारी दुचाकी त्यांना दिसत नाही, आणि खोदकामात तार तुटली की कंट्रोलर चुकीच्या आकड्यांवर चालत राहतो.