‘जाता जाता तेवढं करून टाका’
वेबसाइटचं काम पाच पानांचं ठरलेलं असतं. तिसऱ्या आठवड्यात क्लायंटचा फोन: ‘सर, जाता जाता तेवढं मराठीतही करून टाका ना.’ हे ‘तेवढं’ म्हणजे पाचाची दहा पानं, नवा फॉन्ट आणि मेन्यूची उलथापालथ. फोनवर ना हो म्हणा, ना नाही. ‘बघून संध्याकाळपर्यंत कळवतो’ एवढंच बोला. मग त्याच दिवशी ईमेल करा (व्हॉट्सअ‍ॅपवर असा मेसेज शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला जातो): ‘मराठी पानं मूळ कोटेशनमध्ये नाहीत. जादा खर्च १२,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, जादा दिवस ८. “मंजूर” असं उत्तर आलं की सुरू करतो.’ निम्म्या मागण्या इथेच विरतात, असा माझा अनुभव.

कोटेशनमध्ये काय देणार ते सगळेच लिहितात. काय देणार नाही तेही लिहा: मजकूर लिहिणं, फोटो काढणं, दुरुस्तीच्या दोन फेऱ्यांनंतरचे बदल.

एखादं काम फुकट करून द्यायचंच असेल, आणि जुन्या क्लायंटला कधीतरी द्यावंही लागतं, तर बिलात त्याची वेगळी ओळ घाला, पूर्ण रक्कम लिहा आणि खाली तेवढीच सूट दाखवा.