गरोदरपणातली काळजी: या चुका टाळा

पोटात बाळ असताना काळजी वाटणारच. पण ती कमी व्हावी म्हणून बायका जे उपाय करतात, त्यातल्या काहींनीच ती वाढते. प्रसूतिपूर्व तपासणीच्या कामात मी हे कायम बघते. तेच उपाय, तेच परिणाम.

घरी डॉप्लर लावून ठोके ऐकणं

माझा सगळ्यात जास्त राग या सवयीवर आहे. डॉप्लर म्हणजे पोटावर धरून बाळाचे ठोके ऐकायचं छोटं मशीन. ते आणलं की सुरुवातीला बरं वाटतं. मग ते रोज लागतं, मग सकाळ-संध्याकाळ, मग रात्री जाग आली की. ठोके सापडले तर दिलासा तासभर टिकतो, नाही सापडले तर हातपाय गार पडतात.

एक बाई आठव्या महिन्यात होती. आदल्या दुपारपासून हालचाल कमी वाटत होती, पण घरी 'ठोके लागले' म्हणून तिने रात्र काढली आणि सकाळी आली. मशीन सोबतच होतं. तिने दाखवलेल्या जागी मी ते धरलं आणि दुसऱ्या हाताने तिची नाडी बघितली. दोन्ही ठोके एकदमच पडत होते. रात्रभर तिने स्वतःचेच ठोके ऐकले होते. एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांची मशीनवरची तपासणी, चांगली आली नाही, तासाभरात सिझेरियन करावं लागलं. बाळ वाचलं. पण ते रात्रीच आमच्याकडे यायला हवं होतं.

बाळाचे ठोके मिनिटाला साधारण 110 ते 160 असतात. आईचे एरवी कमी असतात, पण घाबरली की तेही शंभरीच्या पुढे जातात. त्यात वारेतल्या रक्तप्रवाहाचा आवाज वेगळाच. आणि ठोके खरोखर बाळाचे असले तरी तेवढ्यावरून बाळ ठीक आहे असं ठरत नाही. हालचालीवर लक्ष ठेवा. 28 आठवड्यांपर्यंत तुमच्या बाळाची हालचालीची एक पद्धत तुम्हाला कळू लागते. ती बदलली, मंदावली तर वेळ न बघता दवाखान्यात या. शेवटच्या महिन्यात जागा कमी म्हणून हालचाल कमी होते, हे साफ चूक आहे. मशीन मात्र मी सगळ्यांना घराबाहेर काढायला लावते.

गोळ्या एका रात्रीत बंद करणं

दिवस गेल्याचं कळलं की आधीपासून चालू असलेली चिंतेची किंवा नैराश्याची गोळी त्याच दिवशी थांबवली जाते, बहुतेक वेळा घरच्यांच्या सांगण्यावरून. मग चक्कर, मळमळ, झोप उडणं, आणि काही आठवड्यांत मूळ आजार परत. यातली बरीच औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू ठेवता येतात. व्हॅलप्रोएटसारखं (मनःस्थितीच्या आजारांत आणि फिट्सवर देतात ते) एखादं बाळाला घातक असतं आणि ते बदलावंच लागतं, पण तेही डॉक्टरांनीच. म्हणून कळल्याबरोबर त्यांना फोन करा. आणि त्या जागी 'नैसर्गिक' काढे-चूर्णं सुरू करू नका. नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे.

प्रत्येक लक्षण काळजीच्या माथी मारू नका. धडधडीमागे कमी हिमोग्लोबिन असू शकतं, थायरॉइड असू शकतं. रक्तस्राव, पाणी जाणं, तीव्र डोकेदुखीसोबत डोळ्यांपुढे अंधारी, यात थांबायचं नाही.

रात्री फोनवर लक्षणं शोधू नका. मी उशाशी वही ठेवायला सांगते: प्रश्न लिहायचा, वही मिटायची, पुढच्या तपासणीला विचारायचा.

श्वासाचा व्यायाम ऐन घाबरलेल्या क्षणी पहिल्यांदा करून 'उपयोग नाही' म्हणणाऱ्या फार भेटतात. असं कसं जमेल? मन शांत असताना रोज पाच मिनिटं करा, श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या. काही आठवडे दम धरा.

घरच्यांनो, 'ताण घेऊ नकोस, बाळावर परिणाम होईल' हे वाक्य बंद करा. त्याने तिला काळजीच्या जोडीला अपराधीपणही येतं. काय वाटतंय ते विचारा आणि मधे न बोलता ऐका.

आणि 'बाळंतपणानंतर जाईल आपोआप' म्हणून थांबू नका. दोन आठवडे बहुतेक दिवस काळजी हटत नसेल, झोप लागत नसेल, तर तपासणीत स्वतःहून सांगा. नैराश्य आणि काळजी ओळखायला 1987 पासून वापरात असलेली एडिनबर्ग प्रश्नावली आहे, 10 प्रश्नांची. ती भरून घ्यायला सांगा. समुपदेशनाने, विशेषतः सीबीटीने (विचारांची आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणाऱ्या उपचाराने), फरक पडतो. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि तोवर घरातलं कुणीतरी सतत सोबत असू द्या.