घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका: पहिलं उन्हाळी शिबिर घेणाऱ्यांसाठी

खेळाचे शिक्षक म्हणून शाळेतला पहिला उन्हाळा असेल, तर शिबिर तुमच्याकडेच येणार. जुने शिक्षक गावी जातात आणि मुख्याध्यापक म्हणतात, "मॅडम, तुम्ही तरुण आहात, घ्या पंधरा दिवस." मीही हो म्हणाले होते. वॉर्म-अप, पाण्याची सुट्टी, टोपी, सुती कपडे हे सगळं तुम्हाला येतंच, त्यावर मी वेळ घालवत नाही. मला उष्माघात ओळखण्यातल्या एका चुकीबद्दल सांगायचं आहे. परीक्षेच्या पेपरात त्याच्या लक्षणांचं उत्तर मी बरोबर लिहिलं होतं आणि मैदानावर तेच उत्तर मला नडलं.

अकोला, एप्रिलचा तिसरा आठवडा, खो-खो शिबिराचा चौथा दिवस. वेळ सकाळी सहाची ठरली होती. पण फक्की मारायची, म्हणजे मैदानाच्या पांढऱ्या रेषा आखायच्या, राहिली होती, खांब हलत होते, निम्म्या मुली उशिरा आल्या. सराव सामना सुरू व्हायला आठ वाजले आणि साडेनऊ झाले तरी आम्ही खेळतच होतो. नववीतली एक मुलगी, संघातली सगळ्यात चपळ, आक्रमण करताना उलटी फिरली. मी फाउल दिला. पुढच्या मिनिटाला तिने पुन्हा तेच केलं, मग बसलेल्या मुलीला हात न लावताच खो दिला. मी ओरडले, "लक्ष कुठंय तुझं?" ती माझ्यावरच चिडून काहीतरी बोलली. एरवी ती वर मान करून बोलत नाही.

तिचा टी-शर्ट घामाने चिंब होता. मी तो पाहिला आणि मनात म्हटलं, घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही. तिला झाडाखाली बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि सामना पुढे चालू ठेवला.

माझी चूक इथे झाली. उष्माघातात घाम थांबतो, कातडी कोरडी आणि तापलेली लागते, असं आपण पाठ केलेलं असतं. हे वर्णन बरचसं उकाड्यात घरात पडून राहिलेल्या म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाचं आहे. धावताना, खेळताना होणाऱ्या उष्माघातात अंग ओलंचिंब असू शकतं. शरीराच्या आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलेलं असतं आणि घाम तरीही वाहत असतो. म्हणून घाम पाहून निर्णय घेऊ नका. कपाळाला हात लावून किंवा काखेत थर्मामीटर ठेवूनही घेऊ नका, उन्हातून आलेल्या पोराचा तो आकडा फसवतो. डोकं कसं चाललंय ते बघा. चुकीच्या दिशेने धावणं, साध्या सूचनेचा गोंधळ, विनाकारण चिडणं, रडणं, झोकांडी जाणं, उत्तर द्यायला वेळ लागणं. "आज वार कोणता? तुमच्या संघाचे गडी किती बाद झाले?" एवढं विचारा. उत्तर अडखळलं की खेळ तिथेच थांबवा. बेशिस्त समजून ज्याला आपण रागावतो, ते कित्येकदा पहिलं लक्षण असतं. मी दोन फाउल दिले, ती दोन्ही लक्षणं होती.

दहा मिनिटांनी आमचे शिपाई काका धावत आले. "मॅडम, पोट्टी काहीतरीच बोलून राहिली!" मी पोचेपर्यंत तिचे डोळे फिरले होते. मी रिक्षा बोलवा म्हणत होते. काकांनी मला विचारलंही नाही, मैदानावर पाणी मारायचा पाइप ओढला आणि तिच्या डोक्यापासून पायापर्यंत धार धरली. मुलींनी पुठ्ठ्यांनी वारा घातला. तो पाइप माझ्यापासून वीस पावलांवर होता आणि मला सुचला नव्हता.

काकांचं बरोबर होतं. आधी गार करायचं, मग हलवायचं. 108 ला फोन त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी करायचा, पण गाडी येईपर्यंत पाणी थांबवायचं नाही. मोठं टब असेल तर मुलाला मानेपर्यंत गार पाण्यात बसवणं सगळ्यात चांगलं, एकाने डोकं धरून ठेवायचं. नसेल तर पाइप, बादल्या, बर्फाच्या पाण्यातले टॉवेल मानेला, काखेत, जांघेत. अर्ध्या तासाच्या आत ताप उतरायला हवा. "गरम अंगावर गार पाणी टाकू नये" असं सांगणारं कुणीतरी तिथे असणारच, त्याचं ऐकू नका. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात मात्र पाणी घालू नका.

ती तीन दिवस दवाखान्यात होती. वाचली, बरी झाली. तिच्या आईने मला एक शब्द बोलला नाही, ते मला अजून जड जातं.

नंतर दोन गोष्टी कळल्या. आदल्या दिवशी तिला जुलाब झाले होते, आणि संघातून काढतील म्हणून तिने सांगितलं नव्हतं. आणि सकाळपासून ती पाणीच प्यायली नव्हती, कारण सुट्टीत मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. पुरुष शिक्षकांनो, हे तुम्हाला कुणी मुलगी येऊन सांगणार नाही. शिबिराच्या आधी किल्ली स्वतःच्या ताब्यात घ्या, आत पाणी आहे का बघा आणि मुलींना पहिल्याच दिवशी सांगा. माझ्या मते पाण्याच्या दहा कॅनपेक्षा त्या एका किल्लीचा उपयोग जास्त आहे.

हजेरीला मी आता रोज विचारते, काल कुणाला ताप, उलटी, जुलाब? हात वर केला तर संघातली जागा जात नाही, हे दोन-तीनदा करून दाखवावं लागतं, तेव्हा पोरं खरं बोलतात.

पहिले दहा ते चौदा दिवस शरीर उन्हाला सरावत असतं, आणि लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे पंधरा दिवसांच्या शिबिरात पोरं सरावतात तेव्हा शिबिर संपलेलं असतं. पहिल्या आठवड्यात सामने ठेवू नका. खो-खोत आठ जणी चौकोनात उकिडव्या बसतात, त्या आराम करतायत असं वाटतं, पण त्या तापलेल्या मातीपासून वीतभर अंतरावर असतात. हवामान खात्याचा आकडा सावलीतला आणि जमिनीपासून सव्वा मीटरच्या वरचा असतो. आपल्याकडे 42 सांगितलं की मैदानावर काय असेल ते लक्षात घ्या. आणि 42 नाही म्हणून कोकणातल्यांनी निश्चिंत राहू नये. दमट हवेत घाम सुकत नाही, निथळतो, आणि सुकल्याशिवाय तो अंग गार करत नाही. आमच्या वऱ्हाडात उलट, तो इतक्या लवकर उडतो की किती गेला ते दिसत नाही.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरला, 4.2 ग्रॅमचं छोटं 200 मिलिलिटरला. अंदाजाने अर्धं पाकीट ग्लासात टाकू नका. खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. पन्हं, ताक, लिंबू-मीठ-साखर चांगलंच.

"आम्ही पाण्याचा थेंब न घेता मैदान मारलं" म्हणणारे मार्गदर्शक प्रत्येक तालुक्यात आहेत. मी त्यांच्याकडून खेळ शिकले, त्यांचा आदर करते, पण या एका बाबतीत त्यांचं ऐकू नका. उशिरा आल्याची शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावणं तर बंदच करा. उशिरा आलेलं पोर बहुधा उपाशी आलेलं असतं.

हे वाचून शिबिर रद्द करू नका. मी पुढच्याच वर्षी घेतलं, पहिले तीन दिवस हात थरथरत होते, मग सुधारलं. सव्वासहाला सुरुवात, साडेसातला मैदान रिकामं, नंतर वर्गात नियम आणि डावपेच. संध्याकाळी सहापर्यंत जमीन भाजत असते, म्हणून संध्याकाळचं सत्र मी ठेवत नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, तर काहीच नाही. पाइप नळाला जोडून, पाणी येतंय का ते पाहूनच शिट्टी वाजवते.

आणि फक्की आदल्या संध्याकाळी मारून ठेवा, खांबही तेव्हाच ठोका. सकाळची वीस मिनिटं वाचतात, तेवढ्यात एक डाव होतो.