गाडी कधी चालू होते, कधी होत नाही: या चुका टाळा

ठार बंद पडलेली गाडी दुरुस्त करणं सोपं असतं. दोष समोर उभा असतो, मीटर लावला की सापडतो. खिसा रिकामा करते ती दुसरी गाडी. ती दहा वेळा एका झटक्यात चालू होते, अकराव्या वेळी नाशिकच्या द्वारका चौकातल्या सिग्नलवर हात वर करते आणि टो करून गॅरेजला नेली की पहिल्याच सेल्फला सुरू. मग "चालू तर होतेय की साहेब" आणि "अहो, मघाशी होत नव्हती" असा संवाद होतो आणि शेवटी काहीतरी बदललं जातं. काय बदलायचं, हे बहुतेक वेळा दुकानात काय पडून आहे त्यावर ठरतं.

'स्टार्ट होत नाही' एवढंच सांगणं

या तीन शब्दांत निदान चार वेगळे दोष लपलेले असतात. किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज नाही, एकच ठसठशीत 'टक' येतो, 'टकटकटकटक' अशी मशिनगन वाजते, की सेल्फ (इंजिनला फिरवून सुरू करणारी मोटर) व्यवस्थित फिरतो पण इंजिन पकडत नाही? मशिनगन म्हणजे सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातोय आणि व्होल्टेज कोसळल्यामुळे सुटतोय. बॅटरी आणि तिची कनेक्शनं बघा. एकच टक आणि पुढे शांतता असेल तर सेल्फचे कार्बन (आतले ब्रश), सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट किंवा जाड वायरी संशयित. अजिबात आवाज नाही तर क्लच स्विच, इग्निशन स्विच, रिले, ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा स्विच. आणि सेल्फ जोमात फिरत असेल तर बॅटरीकडे फिरकूही नका. तिथे पेट्रोल-डिझेल, स्पार्क, सेन्सर किंवा चावीच्या चिपचा प्रश्न आहे. सेल्फ फिरणाऱ्या गाडीला नवी बॅटरी बसवलेली बघितली की कपाळावर हात मारावासा वाटतो.

दोष हजर असताना घाई करून तो घालवणं

गाडी अडली की लोक काय करतात? दहा वेळा सेल्फ मारतात, बॉनेट उघडून टर्मिनल हलवतात, सेल्फला पान्याने ठोकतात, शेजारच्या गाडीवरून जंप देतात. गाडी सुरू होते आणि पुरावा गेला. त्यातही जंपची गंमत अशी की केबलच्या चिमट्याचे दात टर्मिनलवर घासले गेले की तिथला काळा थर खरवडला जातो आणि गाडी त्यानेच सुरू होते. निष्कर्ष मात्र ठरलेला: "बॅटरी बसली."

त्याऐवजी दोन मिनिटं थांबा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. लाइट विझत आले तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. लाइट तसेच लख्ख राहिले आणि सेल्फ गप्प, तर सेल्फ करंट ओढतच नाहीये. मग दोन्ही टर्मिनल हाताने पिळून बघा. स्वच्छ घट्ट टर्मिनल हाताने हलत नाही. किल्ली ऑन केल्यावर पेट्रोल गाडीत मागच्या सीटखालून पंपाचा दोनेक सेकंद गुणगुणणारा आवाज येतो का ते ऐका. सेल्फ फिरत असेल तर आरपीएमचा काटा जरा तरी उठतो का ते बघा. डॅशबोर्डचा आणि आवाजाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. इंजिन गरम होतं की गार, पाऊस होता का, टाकीत किती होतं, हे लिहून ठेवा. गॅरेजमधल्या कुठल्याही मशिनपेक्षा या गोष्टी कामाच्या आहेत आणि त्यांना पैसे पडत नाहीत.

यानंतर खुशाल जंप द्या, पण त्यातूनही निदान काढा. काळा चिमटा आधी तुमच्या बॅटरीच्या निगेटिव्हला जोडून बघा. तसं सुरू होत नसेल, तर तोच चिमटा इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब लावा. आता झटक्यात सुरू झाली तर इंजिनची अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी असलेली जोडणी, गेलेली आहे.

"बॅटरी बदलून बघू"

'बदलून बघू' हा या धंद्यातला सगळ्यात महागडा शब्दप्रयोग. एका जुन्या डिझेल हॅचबॅकची हकिगत या बाबतीत वाचण्यासारखी आहे. गाडी नाशिक-इगतपुरी रोजची. सकाळी ठणठणीत, पण घोटीला चहाला थांबलं की दहा मिनिटांनी नुसता टक. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू. पहिली बॅटरी बदलली. महिनाभर बरं चाललं, कारण बॅटरी बदलताना टर्मिनल साफ झाले होते. मग सेल्फ उतरवून कार्बन आणि बुश टाकले. मग सोलेनॉइड. मग इग्निशन स्विच. मग "गरम झाल्यावर सेल्फ जाम होतो" म्हणून दुसरा सेल्फ. प्रत्येक वेळी थोडे दिवस बरे जायचे, कारण प्रत्येक कामात वायरी हलवल्या जायच्या.

शेवटी गाडी अडलेली असताना कुणीतरी मीटर नीट लावला. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन खुंट्यांवर (टर्मिनल ज्यांच्यावर बसतात त्या शिशाच्या टोकांवर) 11.4 व्होल्ट. हा आकडा बघून बॅटरीला दोष देता येत नाही. उलट तो इतका वर आहे याचाच अर्थ सेल्फ हवा तेवढा करंट ओढू शकत नाहीये. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिन ब्लॉकवर, आणि सेल्फ: 1.8 व्होल्ट. गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी बॅटरीच्या ट्रेखाली होती. वरून दिसायला चांगली, पण लगमध्ये, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीत, जिथे ती दाबलेली असते तिथे आतून हिरवी पूड. इगतपुरीचा पाऊस काही वर्षं खाल्लेल्या गाडीत हे नवल नाही. गरम झाल्यावर तांब्याचा रोध वाढतो, तापलेला सेल्फही कुरकुरतो, आणि काठावरचं कनेक्शन तिथे साथ सोडतं. पट्टी नवी टाकली, बसायच्या जागा उघड्या धातूपर्यंत घासल्या, संपलं काम. आधी बदललेल्या सगळ्या मालाच्या बिलापुढे त्या पट्टीची किंमत सांगायलाही लाज वाटेल.

ही चाचणी पाच मिनिटांची आहे. सेल्फ मारत असताना निगेटिव्ह खुंटी ते इंजिन ब्लॉक 0.2 व्होल्टच्या आत, पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा जाड बोल्ट 0.5 च्या आत. पिन टर्मिनलवर टेकवू नका, थेट शिशाच्या खुंटीवर टेकवा, नाहीतर टर्मिनल आणि खुंटीमधला दोष मीटरला दिसणारच नाही. अर्थ खराब असलेल्या गाडीत करंट दुसरी वाट शोधतो. गिअरची किंवा क्लचची केबल विनाकारण गरम लागत असेल तर आधी अर्थिंग बघा.

बॅटरी खरंच तपासायची तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मोजा. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी, 12 च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा, मग बोला. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेली तर लोड टेस्ट करून घ्या. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 हवेत. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, तेव्हा काठावरची बॅटरी पहिली तिथे उघडी पडते.

नुसत्या मीटरवर विश्वास ठेवणं

वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी मीटर इमानेइतबारे 12 व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट घेतच नाही. म्हणून डिकीत मीटरबरोबर इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब, होल्डर आणि दोन लांब वायरी ठेवाव्यात. सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर एक टोक, इंजिनच्या धातूला दुसरं, आणि कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. बल्ब लख्ख पेटला आणि सेल्फ गप्प, तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या जाड वायरी-अर्थिंगमध्ये. बल्ब मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर दोष मागे: रिले, क्लच स्विच, इग्निशन स्विच. या कामाला एलईडीचा टेस्टर नको, तोही मीटरसारखाच भुलतो.

गरम असताना सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

इथे सरसकट पेट्रोल पंप बदलला जातो. आधी क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळवणारा) बघा. तो तापला की सिग्नल तुटतो, वीस-तीस मिनिटांनी गार झाला की गाडी काही झालंच नाही अशा थाटात सुरू. सेल्फ फिरताना काटा शून्यावर मेलेला असेल तर संशय पक्का होतो. काही गाड्यांत काटा तसाही हलत नाही, तिथे स्कॅनरवर लाइव्ह आरपीएम बघावा. दोन पिनचा चुंबकीय सेन्सर ओममध्ये मोजता येतो, पण गरम असताना मोजा. गार सेन्सर बरोबरच येणार. तीन पिनचा हॉल सेन्सर ओममध्ये मोजून काही कळत नाही. आणि स्कॅनरवर क्रँक सेन्सरचा P0335 कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नव्हे, त्याची वायर आणि कनेक्टरही त्याच कोडमध्ये येतात.

सकाळीच लांब सेल्फ मारावा लागत असेल, तर किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारा. एका झटक्यात पकडली तर रात्रभरात लाइनमधलं प्रेशर उतरतंय, म्हणजे पंपाचा व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर. डिझेलमध्ये हेच लक्षण हवा शिरल्याचं असतं. फिल्टर नुकताच बदलला असेल तर त्याची सील आणि पाइपचे क्लिप बघा.

बाकीच्या, पटापट

सीएनजी गाडीत पेट्रोलचा काटा कायम लालवर ठेवणं. बऱ्याच सीएनजी गाड्या पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जातात, आणि पंप पेट्रोलमध्येच गार राहतो. पाव टाकी ठेवा आणि आठवड्यातून थोडी पेट्रोलवर चालवा. पन्नास रुपयांची काटकसर करून पंप जाळणाऱ्यांना समजावणं मात्र कुणाला जमलेलं नाही.

सेल्फला ठोकणं. ठोकल्यावर चालतोय म्हणजे बहुधा कार्बन संपलेत. ती दुरुस्ती नाही, ती नोटीस आहे.

सलग सेल्फ मारत बसणं. एका वेळी दहा सेकंद पुरे, मध्ये अर्धा ते एक मिनिट विश्रांती.

पायाखाली जाड मॅट टाकणं. क्लच पूर्ण दाबला जात नाही, स्विच लागत नाही आणि लोक वायरमन शोधत फिरतात. ऑटोमॅटिक असेल तर पार्कऐवजी न्यूट्रलवर टाकून बघा.

एकाच जुडग्यात दोन गाड्यांच्या चिपच्या चाव्या ठेवणं. डॅशवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर आधी दुसरी चावी लावा.

टर्मिनलवर आधी व्हॅसलीन फासून मग घट्ट करणं. गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून धुवा, पॉलिश पेपरने आतून चमकवा, घट्ट करा आणि मग वरून व्हॅसलीन. सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी.

बाहेरून बसवलेला अँड्रॉइड स्टिरिओ, डॅशकॅम आणि ट्रॅकर विसरणं. ते उभ्या गाडीतही बॅटरी खातात. गाडी लॉक करून अर्धा तास झोपू द्या, मग करंट मोजा. 50 मिलिअँपच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा.

मोकळ्या प्लॉटला लागून गाडी लावणाऱ्यांनी उंदराने कुरतडलेली वायर आधी शोधावी, सेन्सर नंतर.

आणि स्कॅनर लावल्या लावल्या कोड पुसणं. आधी सगळ्या कोडचा फोटो काढा. सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळलं की एकाच वेळी पाच-सहा कंट्रोल युनिटचे कम्युनिकेशन कोड पडतात. ती लांबलचक यादी दाखवून "ईसीएम गेलाय" असं कुणी म्हणालं, तर ईसीएमला हात लावू देण्याआधी त्याच्याकडून टर्मिनल आणि अर्थिंगचे आकडे मागा.