ओमाहा हाय-लो : लो हात आकडा म्हणून वाचा

ओमाहा हाय-लो या पोकरच्या प्रकारात पॉटचा (डावावर लागलेल्या पैशांचा) अर्धा भाग सर्वांत मोठ्या हाताला, म्हणजे पाच पानांच्या जुळणीला, आणि अर्धा सर्वांत लहान हाताला, म्हणजे ‘लो’ला जातो. नवशिके अडखळतात ते या लहान हातापाशी. लो पात्र ठरायला पाच वेगवेगळ्या आकड्यांची पानं लागतात, सगळी आठ किंवा त्याखालची. एक्का इथे १ धरायचा. स्ट्रेट (ओळीतली पाच पानं) आणि फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) मोजतच नाहीत, म्हणून ५-४-३-२-१ हा सर्वोत्तम लो.

आता वाचायची युक्ती. पाच पानं मोठ्याकडून लहानाकडे लावा आणि सरळ पाच आकडी संख्या वाचा. ७६,४३२ आणि ८५,३२१ यांत लहान संख्या पहिली, म्हणून तीच जिंकते. दुसऱ्या हातात एक्का आणि दुर्री दोन्ही आहेत हे पाहून भुलू नका. निकाल सर्वांत मोठ्या पानापासून लागतो.

हातातली नेमकी दोन आणि टेबलावरची, सगळ्यांसाठी सामायिक असलेली, तीन पानं घ्यायची, हा नियम कधीच सुटत नाही. तुमच्याकडे एक्का, दुर्री, राजा, राणी, टेबलावर ३-७-८. लो झाला ८७,३२१. टेबलावर चौथं पान दुर्री आलं की तुमची दुर्री वाया जाते, आकडा तोच राहतो. समोरच्याकडे एक्का-चार असेल तर त्याचा ७४,३२१ होतो आणि तो पुढे जातो. म्हणून एक्का-दुर्रीच्या जोडीला तिसरं लहान पान असलेला हातच मला खरा भरवशाचा वाटतो. टेबलावर आठ किंवा त्याखालची तीन वेगळी पानं आलीच नाहीत, तर लो नाही. सगळा पॉट मोठ्या हाताचा.